‘मार्च’ची नोंद कशी करावी: एका इंग्रजी महिन्याच्या नावाचे अर्थ, वापर आणि उगम

इंग्रजी शब्दांच्या नोंदी करायला नव्याने बसलेली मंडळी बहुधा उगमापासून सुरुवात करतात. ‘मार्च’ म्हटलं की मार्स देव, रोम, युद्ध, आणि झाली नोंद. यात खोटं काही नाही. पण निम्मा शब्द हातातून सुटतो, आणि वापरायची वेळ आली की नेमकं त्या सुटलेल्या भागाशीच अडतं. अनुवाद आणि कोशनोंदी हेच माझं रोजचं काम आहे. त्या कामाचा जो क्रम मला पटला आहे, तो इथे एकच शब्द घेऊन दाखवतो: आधी एकसारखे दिसणारे शब्द वेगळे करायचे, मग अर्थ लावायचे, मग वापर तपासायचा, आणि उगमाला सगळ्यात शेवटी हात घालायचा. बारा महिन्यांतून मार्चच का, तर नवख्याला पुढे जे खड्डे लागतात ते जवळपास सगळे या एका शब्दात आहेत.

## बसण्यापूर्वी जवळ काय हवं

- एक ऐतिहासिक कोश. इंग्रजीसाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला तोड नाही. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं असतात, त्यामुळे कोणता अर्थ आधीचा आणि कोणता नंतरचा हे डोळ्यांनी दिसतं. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते.
- शिकणाऱ्यांसाठीचा एक आधुनिक कोश. शब्दाआधी कोणता प्रिपोझिशन येतो हे मोठ्या कोशापेक्षा यात पटकन सापडतं.
- वाक्यसंग्रह, म्हणजे कॉर्पस. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्दांचा मजकूर आहे. जोडीला गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर (छापील पुस्तकांत शब्द कोणत्या साली किती आला ते दाखवणारं साधन) ठेवा, पण त्याच्या आलेखावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कारण पुढे येईलच.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ची दुसरी आवृत्ती. इंग्रजी शब्दाच्या कामात मराठी कोश कशाला, असं वाटेल. आठव्या पायरीवर त्याचं काम पडतं.
- चार रकान्यांची वही किंवा स्प्रेडशीट. रूप, अर्थ, उदाहरण आणि ‘कुठे सापडलं’. चौथा रकाना रिकामा ठेवायचा नाही. महिन्याभराने तोच लागतो.

## १. रूप एक, शब्द किती?

कोश उघडलात की ‘मार्च’पाशी एकाखाली एक अशा अनेक नोंदी दिसतील, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक आकडा. हा आकडा नवखे लोक सर्रास दुर्लक्षितात. तो अर्थांचा क्रमांक नव्हे. तो सांगतो की इथून पुढे वेगळाच शब्द सुरू होतो, केवळ स्पेलिंग योगायोगाने तेच आहे. एका शब्दाचे अनेक अर्थ असणं आणि अनेक शब्दांचं एकच रूप असणं या दोन गोष्टी इथेच वेगळ्या करून घ्या.

‘मार्च’ या रूपामागे कामापुरते तीन शब्द धरा:

1. वर्षाचा तिसरा महिना.
2. शिस्तीत पावलं टाकत चालणं. त्यावरून संचलन, कूच, निषेधयात्रा, आणि त्या चालीवर बसवलेलं संगीत.
3. सीमाप्रदेश, सरहद्दीचा मुलूख. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधल्या पट्ट्याला आजही ‘वेल्श मार्चेस’ म्हणतात.

तिसरा शब्द बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि मग इतिहासाच्या पुस्तकात ‘मार्चर लॉर्ड्स’ आले की अनुवादात ‘कूच करणारे सरदार’ अवतरतात. ते सरहद्दीवरचे सरदार होते.

सरावाला एक वाक्य देतो: ‘द सॉल्ट मार्च बिगॅन ऑन ट्वेल्व्ह मार्च.’ मिठाच्या सत्याग्रहाची पदयात्रा १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाली आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं गेलं. वाक्यातला पहिला ‘मार्च’ दुसऱ्या क्रमांकाचा शब्द, दुसरा ‘मार्च’ पहिल्या क्रमांकाचा. अशी पाच-दहा वाक्यं स्वतः गोळा करून त्यांवर आकडे टाका.

## २. कॅपिटल अक्षरावर विसंबू नका

शाळेतला नियम असा: महिन्याचं नाव कॅपिटल एमने, चालणं लहान एमने. लिहिताना हा नियम पाळायचाच. वाचताना मात्र तो पुरत नाही. वरच्या उदाहरणात ‘सॉल्ट मार्च’ हे विशेषनाम झाल्यामुळे त्यालाही कॅपिटल अक्षर लागतं. ‘वेल्श मार्चेस’लाही लागतं. आज्ञार्थी ‘मार्च!’ वाक्याच्या सुरुवातीला आला की कॅपिटल. बातमीच्या मथळ्यात तर सगळंच कॅपिटल.

एनग्रॅम व्ह्यूअरबद्दल सावध केलं ते यासाठीच. तो लहान-मोठं अक्षर वेगळं मोजतो, पण मोठ्या एमच्या आकड्यात महिना, यात्रेचं नाव, आडनाव आणि वाक्यारंभ एकत्र पडलेले असतात. एकटा शब्द शोधण्याऐवजी जोडी शोधा: ‘इन मार्च’, ‘मार्च टू’, ‘मार्च ऑन’. शेजारचा शब्द आला की कोणता मार्च ते आपोआप कळतं.

## ३. अर्थ लिहिताना

महिन्याचा अर्थ एका ओळीचा: ग्रेगोरियन वर्षातला तिसरा, ३१ दिवसांचा महिना. इथे एकच चूक वारंवार दिसते, ती म्हणजे ‘वसंतातला महिना’ असं व्याख्येत घालणं. दक्षिण गोलार्धात मार्चमध्ये शरद सुरू होतो. २० किंवा २१ तारखेच्या सुमारास येणाऱ्या संपाताला, म्हणजे दिवस-रात्र जवळपास सारखे असण्याच्या वेळेला, म्हणूनच खगोलाच्या लिखाणात ‘मार्च इक्विनॉक्स’ असं ऋतूचं नाव टाळून म्हणण्याची पद्धत आहे. व्याख्येत ऋतू आणायचाच असेल तर गोलार्ध लिहा.

चालण्याच्या शब्दाला जास्त जागा द्या, कारण त्याची पिल्लं बरीच आहेत. ‘मार्चिंग ऑर्डर्स’ म्हणजे मुळात फौजेला निघण्याचा हुकूम. आज तो कामावरून काढून टाकण्याबद्दल, आणि फुटबॉलमध्ये लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर घालवण्याबद्दल वापरतात. ‘स्टील अ मार्च’ म्हणजे प्रतिपक्षाला पत्ता लागू न देता पुढे सरकणं. शत्रू बेसावध असताना फौजेने मजल मारण्यावरून तो आला. इथला मार्च महिना समजून ‘मार्च महिना चोरणे’ असलं काहीतरी लिहिणारे महाभाग आहेत.

‘फ्रॉगमार्च’ तर बघण्यासारखा आहे. आज त्याचा अर्थ एखाद्याचे हात मागे धरून त्याला जबरदस्तीने चालवत नेणं. एकोणिसाव्या शतकात मात्र चौघांनी चार हातपाय धरून, तोंड जमिनीकडे करून माणसाला उचलून नेणं म्हणजे फ्रॉगमार्च. त्या अवस्थेत माणूस दिसतो बेडकासारखा. जुन्या मजकुरात हा शब्द आला तर आधी साल बघा, मगच भाषांतर करा.

## ४. वापर: शेजारच्या शब्दांवर नजर ठेवा

मराठी माणसाची खरी परीक्षा इथे आहे, कारण आपले प्रत्यय इंग्रजीच्या प्रिपोझिशनांशी एकास एक जुळत नाहीत.

मार्चमध्ये आणि ५ मार्चला. नुसता महिना असेल तर ‘इन मार्च’. तारीख आली की ‘ऑन’. ‘इन ५ मार्च’ होत नाही. मागे ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांपैकी काही असेल तर प्रिपोझिशन गळतो: ‘शी लेफ्ट लास्ट मार्च’. ‘इन लास्ट मार्च’ हे आपल्या ‘गेल्या मार्चमध्ये’चं शब्दशः रूप आहे आणि इंग्रजी कानाला खटकतं.

मार्चपर्यंत. या एका शब्दाला इंग्रजीत दोन वाटा आहेत. ‘मार्चपर्यंत काम संपवा’ इथे ‘बाय मार्च’. ‘मार्चपर्यंत काम चालू राहील’ इथे ‘अंटिल मार्च’. क्रिया एका क्षणी पूर्ण होते की तोवर चालूच राहते, हे आधी ठरवा. करारात किंवा अर्जात ‘बाय मार्च’ लिहिलं तरी भांडणाला जागा उरतेच, कारण मार्च लागण्याआधी की मार्च सरण्याआधी हे त्यात नाही. ‘बाय ३१ मार्च’ असं तारखेनिशी लिहा.

मार्चपासून. मागच्या मार्चपासून आत्तापर्यंत चालू असेल तर ‘सिन्स मार्च’, आणि त्याबरोबर क्रियापद परफेक्ट काळात. पुढच्या मार्चपासून सुरू होणार असेल तर ‘फ्रॉम मार्च’.

गेला मार्च, पुढचा मार्च. जूनमध्ये कोणी ‘लास्ट मार्च’ म्हणालं तर तीन महिन्यांपूर्वीचा की गेल्या वर्षीचा? इंग्रजी बोलणाऱ्यांतही यावर एकमत नसतं. साल लिहिलं की प्रश्न मिटतो.

आर्टिकल साधारणपणे लागत नाही. ‘इन द मार्च’ फक्त पुढे त्या मार्चची ओळख पटवणारा भाग असेल तरच, म्हणजे अमुक घडलं त्या वर्षीचा मार्च. संक्षेप तीन अक्षरी ‘मार’, पण तो वाक्यात शक्यतो नको, तक्त्यात ठीक. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीत तर मार्च ते जुलै हे पाच महिने तारखेबरोबरसुद्धा आखडत नाहीत, पूर्णच लिहितात, कारण नावं मुळातच छोटी आहेत.

## ५. तारखेचे सापळे

आकड्यांत लिहिलेली ०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल. मजकूर कुठला आहे ते कळल्याशिवाय तिला हात लावू नका. आपण लिहिताना महिना अक्षरी लिहा किंवा आयएसओ ८६०१ या प्रमाणाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा: २०२५-०३-०४. हे प्रमाण १९८८ साली आलं.

जुन्या इंग्रजी कागदपत्रांत याहून खोल सापळा आहे, आणि तो नेमका मार्चमध्येच आहे. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकापासून १७५१पर्यंत सरकारी आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला, म्हणजे ‘लेडी डे’ला, सुरू होत असे. ख्रिसमसच्या बरोबर नऊ महिने आधीचा हा सण. १ जानेवारीपासून वर्ष मोजायला तिथे १७५२मध्ये सुरुवात झाली. स्कॉटलंडने मात्र तो बदल १६००मध्येच करून टाकला होता. म्हणजे मधल्या काळात सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे मार्चच्या पहिल्या २४ दिवसांना दोन वेगळी सालं होती.

पहिल्या एलिझाबेथ राणीचा मृत्यू घ्या. आज आपण तारीख लिहितो २४ मार्च १६०३. तेव्हाच्या इंग्लंडच्या हिशेबात तो १६०२ या वर्षाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी नवं वर्ष लागलं. म्हणून जुन्या नोंदींत ‘१६०२/०३’ अशी जोडतारीख दिसते. ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. आणि नुसतं एकच साल दिसलं तर ते मूळ कागदातलं आहे की नंतरच्या संपादकाने बदललेलं, हे प्रस्तावनेत शोधा. १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या इंग्रजी तारखेला हा तपास लागतो.

## ६. म्हणी आणि वाक्प्रचार

इथे मोह आवरा. यादी मोठी करण्यापेक्षा तीन-चार नीट लिहिलेल्या बऱ्या.

‘सिंहासारखा येतो, कोकरासारखा जातो’ ही मार्चच्या हवेबद्दलची म्हण. वादळी सुरुवात, शांत शेवट. ती ब्रिटनसारख्या हवामानाची आहे, सगळ्या जगाची नाही, तेव्हा नोंदीत तसं म्हणा. तिच्या उलट बाजूने ‘बॉरोड डेज’ची लोककथा येते: मार्चने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि म्हणून महिनाअखेरीस हवा पुन्हा बिघडते.

‘मॅड अ‍ॅज अ मार्च हेअर’, म्हणजे मार्चमधल्या सशासारखा वेडा. हे सोळाव्या शतकापासून सापडतं, त्यामुळे १८६५च्या ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टीतून ते निघालं असं कुठे वाचलंत तर सोडून द्या. लुईस कॅरलने रूढ वाक्प्रचाराला पात्र केलं, एवढंच. हे ‘हेअर’ जातीचे मोठे ससे मार्चमध्ये मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना थपडा मारताना दिसतात. पूर्वी ती नरांची मारामारी समजत. प्रत्यक्षात बरेचदा अंगचटीला येणाऱ्या नराला मादी हाकलत असते. त्यांचा विणीचा हंगाम काही मार्चपुरता नसतो, अनेक महिने चालतो. मार्चमध्ये गवत आखूड असतं आणि उजेड वाढलेला असतो, म्हणून तो तमाशा तेव्हा नजरेस पडतो.

‘आयड्स ऑफ मार्च’ म्हणजे १५ मार्च. इ.स.पू. ४४मध्ये याच दिवशी ज्युलियस सीझरची हत्या झाली. शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्योतिष्याच्या इशाऱ्यामुळे ‘आयड्स’ हा शब्दच अपशकुनी वाटायला लागला आहे. पण रोमन पंचांगात प्रत्येक महिन्याला आयड्स होता: मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये १५ला, बाकीच्या महिन्यांत १३ला. महिन्याच्या मधला टप्पा, बस. नोंदीत आधी हा साधा अर्थ आणि मग सीझर.

## ७. आता उगम

इथवर आलात म्हणजे एक फायदा झालेला असतो: कोणत्या शब्दाचा उगम शोधायचा ते आता ठाऊक आहे. तिन्हींचे वेगवेगळे लिहा.

महिना. लॅटिनमध्ये या महिन्याचं नाव ‘मार्तियुस’. हे देवाचं नाव नव्हे, त्यावरून झालेलं विशेषण आहे: मार्सचा (महिना). आपल्याकडे चित्रा नक्षत्रावरून चैत्र आणि विशाखेवरून वैशाख झाला, तीच रीत. कोशात ‘मार्स’ आणि ‘मार्तियुस’ या दोन पायऱ्या वेगळ्या दाखवल्या असतील, तुम्हीही त्या वेगळ्याच ठेवा.

‘मार्तियुस’चा ‘मार्च’ कसा झाला, हे कळायला मराठी माणसाला लॅटिन यायची गरज नाही. संस्कृत ‘नृत्य’चं प्राकृतात ‘णच्च’ झालं आणि मराठीत ‘नाच’. ‘सत्य’चं ‘सच्च’ झालं. त-वर्गातल्या व्यंजनापुढे ‘य’सारखा ध्वनी आला की जीभ टाळूकडे सरकते आणि ‘च’ निघतो. उत्तर फ्रान्सच्या बोलींत ‘र्त्य’चं हेच झालं आणि १०६६च्या नॉर्मन विजयानंतर ते फ्रेंच रूप इंग्रजीत शिरलं. पॅरिसकडच्या फ्रेंचने दुसरी वाट धरली, म्हणून आजच्या फ्रेंचमध्ये महिना ‘मार्स’ आहे.

मग त्याआधी इंग्रज काय म्हणत? जुन्या इंग्रजीत ‘ह्रेथमोनाथ’ असं नाव होतं. बीड नावाच्या मठवासी विद्वानाने ७२५ साली कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात तो हे नाव ‘ह्रेथा’ या देवीवरून आल्याचं सांगतो. देवीबद्दलचा एवढा एकच साक्षीदार आहे. नोंदीत ‘बीडच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द खर्च करा. ‘ह्लीडा’ असं दुसरंही नाव होतं, ‘गोंगाटाचा’ अशा अर्थाचं, बहुधा वाऱ्यावरून. ते ‘लाइड’ या रूपात नैर्ऋत्य इंग्लंडच्या बोलीत बराच काळ टिकलं.

मार्सलाच हा महिना का दिला, यावर लोकप्रिय उत्तर असं की हिवाळा सरला की लढाईचा हंगाम सुरू होई. हे धरून चालायला आधार आहे: रोममध्ये मार्चभर सालिई नावाचे पुरोहित ढाली घेऊन नाचत फिरत, आणि २३ मार्चला रणशिंगांच्या शुद्धीचा सण असे. पण मार्सला नुसता युद्धदेव करून टाकू नका. शेतं आणि गुरं राखण्यासाठी रोमन शेतकरी त्याचीच प्रार्थना करत, आणि थोरला केटो या रोमन लेखकाच्या शेतीविषयक ग्रंथात तशी प्रार्थना दिलेली आहे. पेरणी आणि लढाई दोन्ही एकाच ऋतूत सुरू होत, हे लक्षात घेतलं की कोड्यासारखं काही उरत नाही.

रोमन परंपरेप्रमाणे जुनं वर्ष दहा महिन्यांचं होतं आणि मार्चपासून सुरू होई. जानेवारी-फेब्रुवारीची भर मागाहून पडली. परंपरेवर विश्वास ठेवायचा नसेल तर नुसती नावं मोजून बघा. सप्टेंबरमध्ये ‘सात’ आहे, ऑक्टोबरमध्ये ‘आठ’, डिसेंबरमध्ये ‘दहा’. सप्त, अष्ट, दश हे त्यांचे भाऊबंद आपल्या ओळखीचे आहेतच. मार्च पहिला धरला तरच हा हिशेब जुळतो. जुलैचं आधीचं नाव ‘क्विंतिलिस’, म्हणजे पाचवा, तेही याच हिशेबातलं. जादा दिवस फेब्रुवारीतच का घालतात याचं मूळही इथेच आहे: तो वर्षाचा शेवटचा महिना होता. इ.स.पू. १५३पासून रोमचे कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला अधिकारावर येऊ लागले. त्याआधी काही काळ तो दिवस होता १५ मार्च.

चालणं. फ्रेंच ‘मार्शे’ या क्रियापदापासून, पंधराव्या शतकात इंग्रजीत. फ्रेंचमध्ये त्याचा जुना अर्थ ‘पायाखाली तुडवणं’. त्यामागे काय, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, खूण या अर्थाचा जर्मानिक (इंग्रजी-जर्मन ज्या भाषाकुळातल्या, त्यातला) शब्द, म्हणजे पाऊलखूण उमटवणं. दुसरा हातोड्यासाठीच्या लॅटिन शब्दाकडे बोट दाखवतो, म्हणजे ठोकल्यासारखी पावलं. दोन्ही लिहा, निकाल देऊ नका.

सीमाप्रदेश. हाही फ्रेंचमार्गे, पण मूळ जर्मानिक. ‘डेन्मार्क’मधला ‘मार्क’ त्याच घरातला. सीमेचा मुलूख सांभाळणारा तो ‘मार्क्विस’, जर्मन प्रदेशात ‘मार्कग्राफ’. फारसीत सीमेला ‘मर्झ’ म्हणतात, आणि तोही लांबचा नातेवाईक. ‘मर्झबान’ हे आडनाव तुम्ही ऐकलं असेल. अर्थ तोच, सीमारक्षक.

## ८. सारखे दिसणारे शब्द बाहेर काढा

आता मोल्सवर्थ. ‘मार्च’ आणि ‘मोर्चा’ जवळजवळ ठेवले की नातं असल्याचा भास होतो, त्यातून दोन्हींचा अर्थ आज निषेधयात्रा. नातं नाही. ‘मोर्चा’ फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थ तटबंदीचा खंदक, तोफांची जागा. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून जिवंत आहे. अर्थ एकत्र आले ते अलीकडे. ‘मार्ग’ आणि ‘मार्गशीर्ष’ यांनाही बाहेर ठेवा. मार्गशीर्ष हा मृगशीर्ष नक्षत्रावरून आला, आणि ‘मार्ग’ही परंपरेने ‘मृग्’ धातूकडे, म्हणजे माग काढण्याकडे, नेतात.

चाचणी सोपी आहे. दोन शब्द आज सारखे दिसतात की नाही याला किंमत नाही. मागे जाताना ते एकमेकांच्या जवळ येतात की लांब जातात, ते बघा. ‘मोर्चा’ आणि ‘मार्च’ मागे जाताना लांब जातात.

खरं नातं ‘मंगळवारा’शी आहे, पण तेही जपून मांडा. रोमन लोकांनी आठवड्यातला जो दिवस मार्सला दिला, तोच आपल्याकडे मंगळाला आहे. फ्रेंच ‘मार्दी’ म्हणजे मंगळवार. म्हणून ‘मार्च हा मंगळ ग्रहाचा महिना’ असं सुटसुटीत वाक्य लिहायचा मोह होतो. ग्रहाचं नाव आणि महिन्याचं नाव, दोन्ही देवावरून आली. महिना ग्रहावरून आला नाही.

## ९. नोंद लिहा

आता सगळं ओतायचं नाही. इतकं पुरे:

> मार्च (१), नाम. इंग्रजी वर्षाचा तिसरा महिना, ३१ दिवसांचा. महिन्याआधी ‘इन’, तारखेआधी ‘ऑन’. उगम: लॅटिन ‘मार्तियुस’ (मार्सचा) > उत्तर फ्रेंच ‘मार्च’ > इंग्रजी, नॉर्मन विजयानंतर. जुनं इंग्रजी नाव ‘ह्रेथमोनाथ’. टीप: इंग्लंडमधल्या १७५२पूर्वीच्या तारखांत २४ मार्चपर्यंत मागचं साल.
>
> मार्च (२), क्रियापद व नाम. शिस्तीत चालणं, कूच, यात्रा, संचलनाचं संगीत. उगम: फ्रेंच ‘मार्शे’. त्यामागचं मूळ वादग्रस्त.
>
> मार्च (३), नाम, बहुधा अनेकवचनी. सीमाप्रदेश. उगम: जर्मानिक, फ्रेंचमार्गे. पाहा: मार्क्विस.

ससे, रणशिंगं आणि एलिझाबेथ राणी वहीच्या चौथ्या रकान्यात राहू द्या, त्यांचा पत्ता लिहून.

पुढचा महिना स्वतः निवडणार असाल तर ‘मे’ घ्या. तिथे सहायक क्रियापद आडवं येतं, आणि संकटात विमानांनी द्यायचा ‘मेडे’ हा इशारा तर महिन्याचा नाहीच, ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून घडवलेला आहे. त्यानंतर ‘ऑगस्ट’. तिथे महिन्याचं नाव आणि ‘भारदस्त’ अर्थाचं विशेषण असे दोन वेगळे उच्चार मिळतील, विशेषणात जोर दुसऱ्या अवयवावर. पहिल्या पायरीवर तुम्ही ते दोन शब्द म्हणून सुटे कराल, आणि सातव्या पायरीवर दोघांचं मूळ एकच निघेल.